घंटा शनिवारीच

घंटा शनिवारपर्यंत थांबली, तर ऑटमार थीलनच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली, चॅपलच्या भिंतीवर पितळी पाटी आणि पाटीवर त्याच्या आजोबांचं नाव. दुसरी, केर्लबाख गावाला ‘जिवंत वारसा’ असा सरकारी शिक्का. त्याच्या जोरावर चढावरच्या भिंतींची दुरुस्ती होणार होती आणि बंद पडलेली बस पुन्हा गावात शिरणार होती. तिसरी गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. त्याची मुलगी फ्रीडेरिके कोलोनला राहायची. ती एकदा फोनवर म्हणाली होती, “बाबा, तिथं काही घडत असेल तर येईन की! रिकाम्या खानावळीत बसून मी वाढू कुणाला?”

खानावळ थीलनांची, आणि तिच्या खिडक्यांच्या फळ्या बायको गेल्यापासून बंद. शिक्का आला की माणसं येतील, माणसं आली की फळ्या उघडतील, फळ्या उघडल्या की मुलगी येईल. असा एकावर एक रचलेला हिशेब दिसायला फार देखणा असतो. फक्त रचणारा सगळ्यात खालच्या दगडाकडे बघत नाही.

खालचा दगड म्हणजे लिओबा क्रोट.

केर्लबाखमागचा चढ मोझेल नदीच्या वळणावर भिंतीसारखा उभा राहतो. ऑटमारच्या लहानपणी तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत वेलींनी भरलेला होता. आता त्यावर काटेरी जाळ्या आहेत, आणि जाळ्यांत रानडुकरं. गावातली अर्धी घरं डच लोकांनी सुट्टीसाठी घेतली. ते उन्हाळ्यात येतात, कुंड्यांना पाणी घालतात आणि जातात. द्राक्षं लावणारी दोन घरं उरली होती, पण त्यांच्या वेली नदीकाठच्या सपाटीवर. तिथं यंत्र जातं, यंत्र अर्ध्या दिवसात सगळं झोडपून घेतं. वर, जिथं बकरीसुद्धा विचार करून पाय टाकेल, तिथं फक्त लिओबाच्या वेली होत्या. पणजोबांनी लावलेल्या, काळ्या पाटीदगडात मुळं रोवून बसलेल्या. तिचा नवरा लक्झेंबर्गला नोकरीला गेला तो तिकडचाच झाला. ही चाळिशी ओलांडलेली बाई दर वसंतात एकटी वर चढून प्रत्येक वेलीची फांदी बदामाच्या आकारात वाकवून बांधायची. ऑटमारचा चुलतभाऊ कुनिबर्ट म्हणायचा, “गावात आता फक्त लिओबाच काळजं वाकवते. बाकीच्यांची ताठली.”

घंटेची रीत जुनी होती. द्राक्षं मऊ पडायला लागली की चढाच्या वाटेवर काटेरी फांदी आडवी टाकायची. त्यानंतर खुद्द मालकानेही आपल्या वेलीत पाय ठेवायचा नाही, चॅपलची घंटा वाजेपर्यंत. कारण साधं होतं: बापाची जमीन सगळ्या लेकरांत वाटून वाटून एकेकाची पट्टी इतकी अरुंद झाली होती, की पहिला वर गेलेला माणूस स्वतःची टोपली शेजाऱ्याच्या द्राक्षांनी भरून यायचा. म्हणून सगळ्यांनी एकदम जायचं. घंटा कधी वाजवायची ते एका जाणत्याने ठरवायचं. ऑटमारचे आजोबा शेवटचे जाणते. पुढं पट्ट्या ओस पडल्या, चोरायला शेजारी उरला नाही, रीत आपोआप मेली.

तीन वर्षांपूर्वी ऑटमारने ती उकरून काढली. वारसा मंडळाचा अध्यक्ष तोच, चिटणीस तोच, आणि घंटेची दोरी ओढणाराही तोच. लिओबानेही मान डोलावली, कारण हिशेब तिलाही येत होता. परगावचे मजूर सपाटीवर जात, त्या चढावर यायला कुणी तयार नव्हतं. घंटा वाजली की मात्र गावातली सहा-सात म्हातारी माणसं जुने एप्रन बांधून यायची. कांद्याचा खारा केक आणि गढूळ नवी वाइन मिळायची, फोटो निघायचा. शिवाय तिच्या पट्टीवरची आधाराची भिंत पोटुशी बाईसारखी पुढं आली होती. ती ढासळली तर वेलींसकट सगळं खाली. भिंत दुरुस्त व्हायची तर शिक्का हवा, आणि शिक्का हवा तर रीत पाळायला हवी. म्हणजे अख्ख्या गावाची घंटा एका बाईसाठी वाजत होती, आणि ती बाई घंटेला बांधलेली होती.

मंगळवारी ती ऑटमारच्या अंगणात आली तेव्हा तो शनिवारसाठी बूट पॉलिश करत होता. शनिवारी शिक्का देणाऱ्या समितीचे डॉक्टर हाउप्ट येणार होते. रीत नुसती कागदावर नाही, जितीजागती आहे, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

“ऑटमारकाका, उद्या सकाळी वाजवा,” लिओबा म्हणाली.

“काय?”

“घंटा. काटेरी फांदीच्या अलीकडून हात घालून द्राक्षं चाखली मी. झालीत. आणि हवा बघा कशी चिकट झाली आहे.”

“हात घातलास? ते तरी चालतं का रीतीत?”

“काका, थट्टा नको. गुरुवारी पाऊस आहे.”

“रेडिओवाले दर आठवड्याला पाऊस सांगतात. अगं पोरी, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. तो माणूस इतक्या लांबून येणार, आणि त्याला काय दाखवू? रिकाम्या वेली? म्हणेल, यांची रीत तर परवाच संपली!”

“मग शनिवारी पुन्हा वाजवा. मी वेलींच्या चार ओळी न तोडता ठेवते.”

“खोटं वाजवू? त्याच्यापुढं नाटक करू?” ऑटमारला खरोखरच राग आला. माणसाला स्वतःच्या खोटेपणाचा राग येत नाही, दुसऱ्याने सुचवलेल्या खोटेपणाचा येतो.

तेवढ्यात नदीपलीकडून रेल्वे गेली. शिट्टी इतकी स्वच्छ आली, की जणू गाडी स्वयंपाकघरातूनच निघाली होती. ऑटमारच्या आजोबांनी त्याला मांडीवर बसवून पहिली गोष्ट शिकवली होती ती हीच: पलीकडची रेल्वे घरात शिरली, की पाऊस दाराशी आला समज. आजोबांनी एकदा ही शिट्टी ऐकून जेवणाचं ताट सारलं होतं आणि तोंडात घास असतानाच दोरीला लटकले होते.

लिओबा त्याच्याकडे बघत राहिली.

“हल्ली इंजिनं मोठी आली आहेत,” ऑटमार म्हणाला, आणि बुटाला पुन्हा ब्रश लावला.

बुधवारी ती घरोघर फिरली. कुनिबर्टच्या जिभेला धार, गुडघ्याला वंगण नाही. तो म्हणाला, “येतो ना! घंटा वाजू दे, मी पहिला.”

“घंटेशिवाय या, कुनिबर्टकाका. दोन टोपल्या तरी.”

“घंटेशिवाय वर गेलो, तर मी नुसता द्राक्षं तोडणारा म्हातारा. घंटेबरोबर गेलो तर वारसा. आणि अध्यक्षमहाराज माझं नाव फोटोखालून काढून टाकतील ते वेगळंच.” मग तिचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. “ऑटमारशी बोलतो मी.”

बोलला तो. ऑटमार म्हणाला, “तूसुद्धा?” आणि कुनिबर्ट घरी गेला. इतकंच ते बोलणं.

दुपारी लिओबा कात्री आणि क्रेट घेऊन काटेरी फांदीपाशी उभी राहिलेली ऑटमारने खिडकीतून पाहिली. फांदी गुडघ्याएवढीसुद्धा उंच नव्हती. वर डोंगराला चिकटून तिची क्रेट खाली आणणारी एका रुळावरची गाडी उभी होती. ओलांडलं असतं, तर एकटीने थोडंफार वाचवलं असतं, पण मग रीत मोडली, शिक्का गेला, आणि हिवाळ्यात भिंत तिच्या वेली घेऊन रस्त्यावर आली असती. ती बराच वेळ उभी होती. ऑटमारच्या मनात आलं, आता ही ओलांडेल, आणि त्याला थोडं हलकंही वाटलं. तिने ओलांडलं असतं, तर दोष कुणाचा हा प्रश्नच मिटला असता. ती वळली आणि क्रेट घेऊन खाली आली. मग ऑटमार खिडकीपासून दूर झाला.

पाऊस गुरुवारी पहाटे आला आणि गुरुवारभर राहिला. शुक्रवारी थांबला, तो त्याहून वाईट. ऊन नाही, वारा नाही, नदीवरून कोमट धुकं चढावर चढलं आणि तिथंच बसलं. पाणी प्यालेले मणी फुगून फुटले. संध्याकाळी गल्लीत व्हिनेगरचा वास यायला लागला. डच शेजारणीने विचारलं, कुणी लोणचं घातलंय का.

शनिवारी ऊन इतकं सुंदर पडलं, की जणू तेही समितीवर होतं.

डॉक्टर हाउप्ट सज्जन माणूस निघाले. त्यांनी दाराच्या चौकटींवर कोरलेल्या पुराच्या खुणा हात लावून बघितल्या, कांद्याच्या केकचा दुसरा तुकडा मागून घेतला. ठरल्या वेळी ऑटमारने दोरी ओढली. घंटा वाजली, काटेरी फांदी बाजूला झाली, एप्रन बांधलेली म्हातारी माणसं काठ्या टेकत चढाला लागली. हाउप्टसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं.

वर पहिल्या वेलीशी कुनिबर्टने घड हातात घेतला आणि तो त्याच्या बोटांतून गळाला. करडा, बुरशीचा, माशांनी भरलेला लगदा. त्याने हात एप्रनला पुसला.

“तोडा,” लिओबा म्हणाली. “फोटो काढतायत.”

“लिओबा, हे...”

“तोडा म्हटलं ना, काका. चांगले मणी असतील ते वर ठेवा.”

मग सगळ्यांनी क्रेट भरले. हाउप्टसाहेब धापा टाकत वर आले तेव्हा त्यांनी तिला विचारलं, “घंटेची वाट बघताना काय वाटतं? उत्कंठा?”

“काकांना विचारा,” ती म्हणाली. “वाट त्यांनी पाहिली.”

साहेबांनी ते वाक्य आवडून वहीत टिपून घेतलं.

लोक उतरल्यावर ऑटमार मागं राहिला. लिओबा भरलेले क्रेट रुळावरच्या गाडीत न चढवता एकेक करून भिंतीवरून खाली जाळ्यांत ओतत होती.

“थोडं तरी निघेल ना?” त्याने विचारलं. “निवडून?”

“व्हिनेगर निघेल.”

“पुढच्या वर्षी भिंत होईल. मग...”

“पुढच्या वर्षापर्यंत मी काय खाऊ, काका? शिक्का?” तिने शेवटचा क्रेट झटकला. आवाजात राग नव्हता. “तुम्हाला शिट्टी ऐकू आली होती. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते.”

ऑटमार म्हणाला, “आली होती.”

“हं,” ती म्हणाली आणि रिकामे क्रेट एकात एक घालायला लागली.

शिक्का मिळाला. डिसेंबरात समितीचा फोन आला तेव्हा लिओबा वेली उपटत होती. ओस टाकलेल्या वेली कायद्याने तशा ठेवता येत नाहीत, त्यांची कीड दुसऱ्यांच्या वेलींना लागते; सोडायच्या तर मुळासकट काढायच्या. पणजोबांच्या मुळांनी दगड धरून ठेवले होते. तिने त्यांना साखळी बांधून यंत्राने ओढलं, आणि प्रत्येक मुळाबरोबर पाटीदगडाची ओंजळ निघाली. कुनिबर्ट दोन दिवस साखळी धरायला गेला. यावेळी घंटा वाजली नव्हती.

आता हिशेब. गावाला शिक्का मिळाला. पितळी पाटी लागली, तिच्यावर आजोबांचं नाव बरोबर आहे. बस शनिवार-रविवार येते. भिंत सरकारी मदतीतून इतकी देखणी बांधून झाली, की लोक तिचे फोटो काढतात. ती आता काटेरी जाळ्यांना धरून ठेवते. फ्रीडेरिके पाटीच्या समारंभाला आली, बापाला मिठी मारली, खानावळीच्या फळ्या उघडून आत डोकावली, म्हणाली, “बाबा, किती ओल धरलीय इथं!” आणि संध्याकाळच्या बसने परत गेली.

घंटा दर शरदात वाजवावी लागते, शिक्क्याची तशी अट आहे. ऑटमार दोरी ओढतो, कुनिबर्ट काटेरी फांदी उचलतो, पाहुणे टाळ्या वाजवतात. वर कुणी जात नाही. त्या आठवड्यात पलीकडची रेल्वे कधी कधी स्वयंपाकघरात शिरते. तेव्हा ऑटमार जेवताना थांबतो, मग पुन्हा जेवायला लागतो, कारण आता पाऊस आला काय नि न आला काय.

लिओबा ट्रीअर शहराजवळच्या एका गोदामात पार्सलांवर चिकटपट्टी लावते. घंटेच्या दिवशी तिला सुट्टी नसते. गावातल्या प्रत्येकाच्या पदरात थोडं थोडं पडलं. मोल दिलं ते तिने, आणि पाटीवर तिचं नाव घालायचं कुणाला सुचलं नाही.