बारा फेब्रुवारीचे बोंबील

मी मासे मोजायचो. हसू नका, सरकार त्याचा पगार द्यायचं. छप्पन्न-सत्तावन्न साली दर मंगळवारी पार्ल्याहून निघायचं, होडीतून गोराईला उतरायचं, जाळ्यात आलेले चाळीस बोंबील पट्टीवर मोजायचे आणि पोट चिरून गाभोळी बघायची. अंड्यांनी भरलेल्या माद्या फार निघाल्या, की तेवढे दिवस जाळी बंद ठेवा म्हणून सांगायचं. एवढंच आमचं समुद्रविज्ञान.

मासे द्यायची सगुणाबाई. पहिल्या दिवशी माझ्या हातातली सुरी हिसकावून म्हणाली, "कालेजात मासा चिरायला शिकवत नाय काय रे?" तेव्हापासून पट्टी तीच धरायची.

एका मंगळवारी मला कंटाळा आला. खोटं कशाला सांगू, नुसता कंटाळा. घरी चहा पीत आकडे ठोकून दिले: चाळीसपैकी चौतीस गाभोळीवाल्या. साहेब खूश! त्याच आकड्यावर दोन महिने जाळी बंद करायचं ठरलं, आणि गावाला वाचून दाखवायला मलाच पाठवलं.

देवळासमोर सगळे जमले. मी ऐटीत वाचत होतो. "बारा फेब्रुवारी, चाळीसपैकी चौतीस..."

"कोनचा दिस बोल्लास?" सगुणाबाई उठली. "त्या दिशी माझा घरवाला, हरेश्वर, गेला. गावातली एकबी होडी पान्यात नव्हती. कोनाचं मासं मोजलंस तू?"

तिचं कपाळ मोकळं होतं. मधले कित्येक आठवडे तिची जाऊ मासे आणून देत होती, आणि मी मेल्यानं साधं विचारलंसुद्धा नव्हतं.

खरं बोललो तर नोकरी जाणार. नाही बोललो तर ऐन हंगामात यांच्या चुली थंड. धरणी पोटात घेईल तर बरं, इतकी लाज वाटली. तरी तोंडातून निघालं, "तारीख चुकली. कारकुनानं चुकीची लिहिली."

"खोटं हाय सगलं!" तुळशीदास नावाचा होडीवाला ओरडला. "आमी जाली लावनार!"

"गप रे!" सगुणाबाई त्याच्यावर खेकसली. "ह्यो मानूस वरीसभर चिखलात बसून एकेक बोंबील मोजतो. पट्टी मी धरलेय. तो कशाला खोटं बोलंल? जाली काढा."

तुळशीदास खाली बसला. सगुणाबाई माझ्याकडे वळली.

"वाच सायबा, पुढं वाच."

आणि मी वाचलं.