मालनचा पुठ्ठ्याचा टोप

पालथ्या मडक्यावर भिजवलेल्या पुठ्ठ्याची शेवटची पट्टी बसवून दमयंतीने वरून तांदळाच्या खळीचा हात फिरवला. रोमन शिपायाचा टोप कसा असतो ते तिला ठाऊक होतं. पुण्याला कॉलेजात असताना इतिहासाच्या पुस्तकातलं ते चित्र तिने कितीदा तरी पाहिलं होतं. पण त्या शिपायाच्या गालांवर येणारी झाप ती आज चांगली रुंद करत होती, आणि मानेवरची तर त्याहून. लेकीच्या, मालनच्या, डोक्याचा तिळाएवढाही भाग बाहेर दिसता कामा नये.

कार्तिकात मालनला विषमज्वर झाला. पोर वाचली, पण ताप उतरल्यावर केस पुंजक्यापुंजक्यांनी उशीवर राहू लागले. शेवटी डॉक्टरांच्या सांगण्यावरून न्हाव्याला बोलावून डोकं सफा केलं. मालन रुमाल बांधून शाळेत गेली, तर मधल्या सुट्टीत कुणीतरी तो ओढला, आणि पोरींना केस काढलेल्या विधवेचं नाव सापडलं. "ए सोवळे, आज निर्जळी का गो?" घरी येऊन मालन रडली नाही, हेच दमयंतीच्या जिवाला लागलं. दुसऱ्या दिवसापासून दप्तर खुंटीलाच राहिलं.

मग एक दिवस तिच्या वर्गाच्या सगुणाबाई घरी आल्या. मुलींच्या शाळेचं संमेलन जवळ आलं होतं आणि त्या रोमन सैन्याचं एक नाटुकलं बसवत होत्या. "सोंग घरीच करायचं, पुठ्ठ्याचं. शिपायाला टोप असतो बरं का," त्या सहज म्हणाल्या.

दाराआडून मालनने विचारलं, "तालमीला पण?"

"तालमीला पण."

तेवढ्यावर पोर पुन्हा शाळेत जायला तयार झाली. म्हणून दमयंतीचा हात त्या पुठ्ठ्यावर असा जपून फिरत होता.

कापडवाल्याकडची रिकामी खोकी कापून तिने चिलखताचे खवले केले. नवऱ्याच्या आत्या, येसूबाई, ते सुंभाने ओवून देत होत्या. लहानपणीच विधवा झालेल्या, सफा केलेल्या डोईवर लाल आलवणाचा पदर. वाण्याने चहाच्या पेटीतला चंदेरी कागद दिला होता, तो वर डकवला. टोपाला काथ्याचा तुरा आला.

"शिपाई लढायचा की नाचायचा गो हा?" येसूबाईंनी तुरा हलवून पाहिला.

"दोन्ही, आत्याआजी," मालन म्हणाली. कितीतरी दिवसांनी घरात तिचं हसणं ऐकू आलं.

तालमीला दमयंती मुद्दाम शाळेत जाऊन बसली. सगळं नीट चाललं होतं. शेवटच्या प्रवेशात शिपाई जिंकून परत आले, सम्राटापुढे रांगेत उभे राहिले आणि सगुणाबाईंनी टाळी वाजवताच एकजात सगळ्यांनी डोक्यावरचे टोप उतरवले. मालनचे हात खालीच राहिले.

 हे दमयंतीच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिचे वडील पागोटं घातल्याशिवाय कुणा थोरामोठ्याच्या दारात गेले नव्हते, नवरा टोपीवाचून कचेरीची पायरी चढत नव्हता. राजासमोर कुणी बोडक्याने उभं राहील, हे तिला पुस्तकं वाचूनही सुचलं नव्हतं.

"बाई, दरबारात का कुणी टोप काढतं?" तिने बाजूला जाऊन विचारलं.

"आपल्याकडे नाही काढत. पण साहेबलोकांचा रिवाज तसाच. चित्रात पाहूनच बसवलंय मी." सगुणाबाईंनी मालनकडे पाहिलं नि आवाज उतरवला. "ती नाही काढणार. मी सांगितलंय तिला. कुणाच्या लक्षातही यायचं नाही."

दमयंतीने मान हलवली, पण तिला चैन पडेना. वाकताना घसरला तर? शेजारणीने चेष्टेत ओढला तर? संमेलनाच्या दिवशी तिने टोपाच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडली, सुंभाचा पेड मालनच्या हनुवटीखालून घेतला आणि गाठीवर गाठ मारली.

"फास लावतेस की काय?" येसूबाई म्हणाल्या.

"सुटला तर, आत्याबाई?"

"सुटला तर सुटला. माझं डोकं रोज बघता ना सगळी? आढं कोसळलं का तुमच्या घराचं?"

 दमयंतीने आणखी एक गाठ मारली.

मांडव भरला होता. बायकांच्या रांगेत दमयंती पुढेच बसली होती. शिपाई आले, लढले, जिंकले. मालनचे संवाद खणखणीत झाले. मग सगळे रांगेत उभे राहिले आणि टोप उतरले. काळ्याभोर वेण्यांच्या त्या रांगेत एकच चंदेरी टोप उरला.

मालनने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग तिचे दोन्ही हात वर गेले.

टोप हलेना. तिने झाप धरून ओढली, हनुवटी वर केली, पुन्हा ओढली. सुंभ गळ्यात रुतला.

"शिपाई अडकला गो धान्याच्या पेवात," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. सगुणाबाई पडद्याआडून हाताने नको नको करत होत्या. मालन त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती गर्दीत आईला शोधत होती.

दमयंती उठली. रंगमंचाच्या पायऱ्या कधी चढली ते तिचं तिलाही कळलं नाही. गुडघ्यांवर बसून ती गाठ सोडवू लागली. गाठ निघेना. तिने मान वाकवून सुंभ दातात धरला. मालनचा गरम श्वास तिच्या कपाळावर येत होता.

"राहू दे का ग?" तिने अगदी हळू विचारलं.

"नको. काढ."

सुंभ तुटला. टोप दमयंतीनेच उचलला, स्वतःच्या हातांनी. बत्तीच्या उजेडात ते लहानसं खरखरीत डोकं उघडं झालं. हशा थांबला. मालनने आईच्या हातातून टोप घेतला, इतरांसारखा काखेत धरला आणि मान लववली.

दमयंती तशीच गुडघ्यांवर, सगळ्या गावाकडे पाठ करून. आता उतरायचं कसं, ते तिला सुचत नव्हतं. समोर खुर्चीवर काळ्या लोकरीची दाढी लावलेली, सम्राट झालेली काशी गोंधळून दोघींकडे पाहत होती. मग तिला तिचं वाक्य आठवलं.

"उठा, शूरांनो," काशी म्हणाली.

रांगेतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. दमयंतीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांच्याबरोबर तीही उठली.