वरची फळी, खालची फळी

मित्रांनो, मी एक जुना दुमजली पलंग आहे. माझी वरची आणि खालची फळी सुतारदादांनी एकाच ओंडक्यातून कापली. "यांच्यात फरक शोधून दाखवा," असं ते सगळ्यांना सांगत, आणि मी उगाच ऐटीत उभा राही.

या घरातल्या जुळ्या बहिणी माझ्यावर झोपत. जन्मली तेव्हा धाकटी एवढीशी होती. म्हणून नर्सताई म्हणाल्या, या दोघी वेगळ्या जुळ्या, एकसारख्या नव्हेत. सगळ्यांनी ते मानलं. थोरली दणकट, म्हणून ती वर, उंचावरच्या खिडकीपाशी. धाकटी नाजूक, म्हणून ती खाली. पडेल बिडेल म्हणून तिला माझ्या शिडीला हात लावायचीही बंदी. थोरली रोज पोहायला जाई. धाकटी विचारी, "आई, मी कधी जाऊ?"

"तुला झेपायचं नाही गं, राणी."

एकदा जुळ्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या बाई आल्या. एकसारख्या आणि वेगळ्या जुळ्यांना घरात सारखंच वाढवतात का, असं त्या विचारत होत्या.

"म्हणजे काय! एकच खोली, एकच पलंग. तसूभरही फरक केला नाही," आई ठासून म्हणाली. माझीही छाती फुगली. बाईंनी दोघींच्या गालांतून कापसाने लाळ घेतली, जुळ्या कोणत्या प्रकारच्या ते तपासायला.

काही दिवसांनी त्या परत आल्या. "या वेगळ्या नाहीत. अगदी एकसारख्या जुळ्या आहेत."

आई मटकन माझ्यावर बसली. "अहो, कसं शक्य आहे? ही तर नाजूक..."

"नाजूक आहे, हे कोणी ठरवलं?"

कोणालाच आठवेना. मला तर असा हादरा बसला की माझे सगळे सांधे करकरले. एवढी वर्षं नुसत्या समजुतीवर?

तेवढ्यात धाकटी शिडी चढून वर गेली. कोणी अडवलं नाही. खिडकीबाहेर बघून ती ओरडलीच, "इथून पोहायचा तलाव दिसतो?"

"हो. रोज दिसतो," थोरली म्हणाली. "मला वाटलं, तुलाही दिसतो."

मग थोरली खाली माझ्यावर आडवी झाली आणि तिने वर पाहिलं. "आई, इथून फक्त फळी दिसते गं."

त्याच संध्याकाळी आईने पोहण्याचा दुसरा पोशाख घरात आणला.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. मला रंग देऊ नका, पुसूही नका. फक्त मुलांना सारखं वाढवलं असं म्हणण्याआधी एकदा माझ्या खालच्या फळीवर येऊन पडा.