खंडेनवमीला उभा राहिलेला पापुद्रा

मित्रांनो, मी लोखंडाचा एक जुना पापुद्रा आहे. पापुद्रा म्हटल्यावर भाकरीचा आठवला ना? तो माझ्यापुढे गादी ठरेल. माझ्या अंगात अणूंचे जेमतेम पाच-सहा थर. त्यामुळे मला पाहायला आलेले लोक माझ्याखालची पाटीच पाहून परत जात.

ती पाटी मॅग्नेशियम ऑक्साइडची, काचेसारखी, नखाएवढी. औरंगाबादच्या एका प्रयोगशाळेत, हवा काढून टाकलेल्या पोलादी टाकीत, फहमिदाने तिच्यावर लोखंडाची वाफ बसवली आणि मी जन्मलो. सिल्लोडच्या या मुलीला पीएच.डी.साठी एवढंच दाखवायचं होतं, की इतक्या पातळ लोखंडाचं चुंबकत्व ऑक्साइडवर उभं राहू शकतं, म्हणजे त्याची दोन टोकं आडवी न राहता वर-खाली होतात. माझ्याआधीचे सगळे पापुद्रे आडवेच पडले होते. हाही पडला तर विषय बदलायचा, असं तिचे मार्गदर्शक आप्पासाहेब सर सांगून चुकले होते.

आणि मीही आडवा पडलो. पण त्यात चैन कुठली? पाटीतला ऑक्सिजन मला उभं करू पाहायचा आणि माझं स्वतःचं अंग मला खाली ओढायचं. नुसती तळमळ. फहमिदाने चुंबक जवळ आणून माझ्यावर लाल किरण टाकला. उभ्या चुंबकत्वावरून असा किरण किंचित पिळून परततो; हा तसा पिळला नाही आणि त्याने तिच्याकडे माझी चुगली केली. दसऱ्यानंतर पुन्हा मोजते, असं सरांना सांगून ती घरी गेली. हवा शिरली तर मी गंजेन, म्हणून टाकीतली हवा ओढणारा पंप तिने चालूच ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. सर कन्नडकडच्या शेतकरी घरातले. त्यांच्याकडे या दिवशी विहिरीवरच्या मोटरीलासुद्धा कुणी कामाला लावत नसे. सरांनी पंपाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि सवयीने बटण बंद केलं. प्रसाद वाटताना त्यांना आठवलं. त्यांनी धावत येऊन पंप चालू केला, पण तोवर थोडी हवा आत झिरपली होती. माझ्या वरच्या थरांना ती झोंबली. आपण संपलो, असंच मला वाटलं.

फहमिदा परतल्यावर सरांनी काहीच लपवलं नाही.

"चूक माझी आहे, पोरी. खंडेनवमीला मोटरीला इसावा द्यायचा, हे हातालाच ठाऊक झालंय."

फहमिदाचा चेहरा उतरला होता. तरी ती म्हणाली, "टाकून कशाला द्यायचं, सर? एकदा मोजून तर बघू."

तिने किरण टाकला आणि खुर्चीतून उठलीच. मित्रांनो, मी उभा होतो! वरचे थर गंजल्यामुळे माझं लोखंड आणखी पातळ झालं होतं, आणि आता खालून नि वरून असा दोन्हीकडून ऑक्सिजन मला धरून होता.

सरांनी पेढे मागवले. फहमिदा मात्र सावध. एकदा घडलं ते कुणी मानणार नाही, पुन्हा घडवायला हवं, असं तिचं म्हणणं. तिने मला बाहेर काढलं, नवा पापुद्रा केला, त्याला मोजून-मापून हवा दिली आणि आणखी हवा लागू नये म्हणून लगेच त्याच्यावर सोन्याचा थर चढवला. तोही उभा राहिला. मग काय, जो तो त्यालाच पाहायला. माझ्यावरही सोनं चढायचं होतं, पण ते आज-उद्या करत राहून गेलं. मी खणातल्या डबीत पडलो. इथे हवेला कोण अडवणार? तिने माझा एकेक थर खाल्ला. मी डळमळलो, आणि मग डळमळायलाही काही उरलं नाही.

फहमिदाच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, की तो पहिला पापुद्रा कुठे आहे? फहमिदाने डबी आणली, चुंबक लावलं, किरण टाकला. किरण जसा गेला तसाच, न पिळता परतला. तिने चुंबक बाजूला ठेवलं.

"याच्यामुळंच सगळं जमलं, सर," ती परीक्षकांना म्हणाली. "आणि यालाच झाकायचं राहून गेलं."

तिला पदवी मिळाली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? सर अजूनही खंडेनवमीला पंपाला हार घालतात, पण चालू पंपाला. माझी तळमळ आता थांबली आहे आणि मला त्या तळमळीचीच आठवण येते. मित्रांनो, ज्याच्या जिवावर पेढे वाटाल, त्याच्या अंगावर आधी पांघरूण घाला. पेढे मग वाटा.