कार्डावरची तीन मुलं

कुंदाला तीन मुलं होती. नंदू, प्रेमा आणि शेंडेफळ बाळा. तिघंही घाटकोपरच्या टेकडीखालच्या दवाखान्यात, एका पिवळ्या कार्डावर राहत. घरी नवरा भीमराज होता आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वरातीची घोडी, मोहिनी.

मुलं झाली ती मोहिनीमुळे. त्र्याऐंशी साली मुलुंडच्या एका वरातीत ती माजावर आली. समोरून दुसऱ्या वरातीचा घोडा गेला आणि बाईसाहेब भर रस्त्यात शेपटी वर करून उभ्या! पाठीवर नवरदेव, बँड वाजतोय, व्याही बघतायत. नवरदेवाची आत्या म्हणाली, "आधी हिचंच उरकून टाका." भीमराजचा त्या वर्षीचा हंगाम बुडाला. मग तबेल्यातल्या कुणीतरी अक्कल दिली, बायकांच्या कुटुंबनियोजनाच्या गोळ्या खुराकात घाल, घोडी गप्प राहते.

घोडीला दवाखान्याच्या रांगेत उभं करता येत नाही. म्हणून कुंदा उभी राहिली.

"मुलं किती?" वनमाला सिस्टरने विचारलं.

लग्नाला सहा वर्षं होऊन कूस न उजवलेली बाई गोळ्या मागते म्हटल्यावर सिस्टर हाकलून देईल, म्हणून कुंदा म्हणाली, "तीन." नावं मात्र शोधावी लागली नाहीत. ती तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून ठेवली होती.

सिस्टर बोलकी. दर महिन्याला मुलांची चौकशी करायची. नंदू पहिलीत गेला, प्रेमाला गोवर आला, बाळा माती खायला लागला. गोळ्या घोडी खायची.

अठ्ठ्याऐंशी साली भीमराजच्या मनाने घेतलं, मोहिनी थकत चालली, तिचंच शिंगरू हवं. गोळ्या बंद झाल्या. दोनदा घोडा दाखवला, पण गाभ राहिना. भीमराजला जेवण गोड लागेना. शेवटी त्याने जनावरांचे डॉक्टर आणले. त्यांनी आधी घोड्याचं वीर्य तपासलं. ते ठीक निघालं. मग खांद्यापर्यंत हात घालून मोहिनीला तपासलं.

"अंडाशयं झोपलीत हो हिची. पाच वर्षं माणसाच्या गोळ्या? धन्य आहे! आता चांगला खुराक द्या आणि अंधार पडल्यावर तीनेक तास मोठा दिवा लावा. उजेडाने जागी होतात."

घरात चाळीस वॅटचा दिवा होता. शेडमध्ये दोनशेचा लागला.

"डॉक्टर, बाईमाणसाचंही असं झोपतं का हो?" चहा देताना कुंदाने विचारलं.

"झोपतं ना. पण आधी नर तपासायचा. मोठ्या इस्पितळात जा दोघं. जवळच्या दवाखान्याची चिठ्ठी तेवढी लागेल."

"मला काय धाड भरलीय?" भीमराज उसळला. "मी काय घोडा आहे?"

"नाही," डॉक्टर बशीत चहा ओतत म्हणाले, "घोडा लगेच तयार झाला होता."

चिठ्ठीसाठी कुंदा एकटीच गेली. सिस्टरने कार्ड काढलं. कुंदाने सगळं खरं सांगितलं. गोष्ट घोडीपर्यंत आली तेव्हा सिस्टर हसली. मग हसायची थांबली आणि तिने भिंतीकडे पाहिलं. तिथे चौकटीत प्रशस्तिपत्र होतं, कुटुंबनियोजनाचं उद्दिष्ट सलग पाच वर्षं पूर्ण केल्याबद्दल.

"हे खोडलं तर माझी वाट लागेल गं. तीन मुलांच्या आईला मूल होत नाही म्हणून चिठ्ठी कुठल्या तोंडाने देऊ?"

"पण ती मुलं नाहीत ना, सिस्टर."

"माझ्याकडे आहेत," सिस्टर म्हणाली आणि कार्ड खणात ठेवलं.

दोन महिन्यांनी मोहिनी गाभ राहिली. भीमराजने अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. कुंदा तिच्या पोटावरून हात फिरवायला गेली, तर तो म्हणाला, "आत्ता तू नको गं हात लावूस. पहिलटकरीण आहे ती. लोक काहीबाही म्हणतात."

कुंदाने हात पदराला पुसला. दुसऱ्या दिवशी ती रांगेत उभी राहिली.

सिस्टर आधी चपापली. मग तिने नेहमीसारखं कार्ड पुढे ओढलं. "नंदू काय म्हणतो?"

"चौथीत गेला."

"हुशार आहे हं पोरगा. आणि प्रेमा?"

"वेण्या घालते आता, आपल्या आपण."

सिस्टरने गोळ्यांचं पाकीट दिलं. कुंदाने ते बाहेरच्या गटारात टाकलं, चार पावलं चालली आणि मागे फिरली.

"सिस्टर," ती दारातून म्हणाली, "बाळाचं सांगायचं राहिलं. शाळेत घातलं त्याला. पहिल्या दिवशी फार रडला."