पुंजाजीच्या शेततळ्यातला हिरवा तवंग

मी तवंग बोलतोय. केनवडच्या पुंजाजीच्या शेततळ्यावर पसरलेला, हिरवा, बुळबुळीत, वास मारणारा. नाक दाबा हवं तर, कान तेवढे उघडे ठेवा.

मला रोग एकच, जळण्याचा. सगळ्यात जास्त जळतो समुद्रातल्या माझ्या भावकीवर. इथल्या वावरातलं खत पावसानं धुऊन पैनगंगेत जातं, तिथून पार समुद्रात, अन् ते तिथं आयतं खातात! फुगले की पाणी लाल, मासे उताणे, पेपरात फोटो. मी मात्र काठाला बोटभर. नत्र मी हवेतून ओढतो हो, पण स्फुरदावाचून अंग धरत नाही.

मग पुंजाजीही जळला अन् माझं फावलं. मासे पाळणारे इथं पाण्यात कोपरापर्यंत हात घालतात. तळवा दिसेनासा झाला की पाणी झकास हिरवं, माशांना चारा भरपूर. शेजारच्या हेमसिंगचा तळवा कोपराशी गायब व्हायचा. पुंजाजीला आपला मनगटाशीच गायब करायचा होता. त्यानं सुपर फॉस्फेट, म्हणजे माझं स्फुरदच, टोपल्यांनी ओतलं.

"अवो, तुरीचं खत पान्यात काहून टाकून राह्यले?" त्याची बायको सोजरबाई ओरडली.

"तू गप. हेमसिंगचं थोबाड पाह्यजो आता."

मी हादडलं, फुगलो, अंगात विष धरलं, तळंभर लोळलो. हेमसिंग आला अन् पाहून काळाठिक्कर पडला. "काय घातलं बे?"

"तुले काहून सांगू?"

मग सोजरबाई आपली वगार, म्हशीची तरणी पारडी, पाण्यावर घेऊन आली. पाठीवरून हात फिरवत म्हणते, "पे वो माय, पे." मला असा हात कोणी लावत नाही, चुकून लागला तर साबणानं धुतात. मी पुन्हा जळलो. होतं नव्हतं तेवढं विष वगारीच्या घोटात दिलं.

सांजेला वगार थरथरत आडवी झाली. सोजरबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. ढोरांच्या डॉक्टरनं सुई टोचली अन् तळ्याकडं बोट दाखवलं. तिकडं मासेही उताणे होते. माझा फोटो काढायला मात्र कोणी आलं नाही!

तेवढ्यात हेमसिंग दिसला, खांद्यावर खताची गोणी, आपल्या तळ्याकडं निघालेला. पुंजाजीनं मान खाली घातली. "नको टाकू बा. मी तेच टाकलं होतं. पाहाय."

हेमसिंगनं गोणी खाली टाकली अन् आपल्या बोअरचं पाणी आणलं. वगार ते प्यायली. वाचली.

आता खत बंद, मी उपाशी. काठावर वगार पुंजाजी अन् हेमसिंग दोघांचेही हात चाटते अन् माझा जळफळाट होतो. म्हणून सांगतो, माझी दया आली तरी टोपलं उचलू नका. मी पोट भरल्यावर सुधारणाऱ्यातला नाही.