पांढऱ्या पट्ट्याच्या आत

आमच्या गल्लीत नगरपरिषदेने फुटपाथ केला, तो रस्त्यापासून चांगला दीड फूट उंच. पायी चालणाऱ्यांना तो चढवेना, म्हणून ते रस्त्यानेच चालत राहिले आणि रिकामा फुटपाथ बघून लोकांनी त्यावर गाड्या लावल्या. कोपऱ्यावर ‘फुटपाथवर वाहन उभे करू नये’ असा फलक आहे. त्याला माणिकराव आपली मोटारसायकल टेकवतात.

नानांची कारही फुटपाथवरच असे. त्यासाठी त्यांनी सिमेंटचा उतारही करून घेतला होता. पण त्यांचं कारण वेगळं होतं. त्यांच्या पत्नी अनुसूयाकाकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. घराचा उंबरा आणि फुटपाथ एका पातळीत. काकू चार पावलं टाकायच्या, पाठमोऱ्या होऊन सीटवर बसायच्या आणि दर मंगळवारी नांदेडला व्यायामाला जायच्या. एकही खाडा करायचा नाही, नाहीतर गुडघा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. दीड फूट खाली उतरणं त्यांना जमत नव्हतं.

एका बुधवारी दुपारी भागवत ट्रॅक्टर मागं घेत असताना ट्रॉलीचं टोक फुटपाथवर आलं आणि नानांच्या गाडीचं मागचं दार आत दबलं. मागचा दिवाही फुटला. दार धड उघडेना, धड लागेना. भागवत सेनगावकडचा. पळून गेला नाही. ट्रॅक्टर बंद करून नानांच्या दारात येऊन उभा राहिला.

“नाना, तुमचं दार माझ्याकडून गेलं. मला वाटलं कुंडी असंल.”

“कुंडी मागच्या महिन्यात फुटली,” नाना म्हणाले. “बस, चहा घे.”

गॅरेजवाला म्हणाला, विम्याचा सर्व्हेअर बघून गेल्याशिवाय हात लावणार नाही. बघून गेला की तीन दिवसांत देतो. सर्व्हेअर शुक्रवारी येणार होता. म्हणजे मंगळवार कसाबसा साधत होता.

तेवढ्यात रामकिशन आला. हा गल्लीतला विमा एजंट. पॉलिसी आणि लग्नाची स्थळं, दोन्ही बघतो.

“गाडी फुटपाथवर व्हती हे कुणी बोलायचं न्हाई. क्लेम जागेवर मरून जाईल.”

गल्लीला नानांची तकलीफ माहीत होती. आम्ही आठ जणांनी लगेच गाडी ढकलत उतारावरून खाली रस्त्यावर आणली. नाना दारात उभे होते. काही बोलले नाहीत. रामकिशनने फॉर्म भरला: ‘वाहन रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्याच्या आत उभे होते.’ हे वाक्य त्याने नांदेडच्या एका गिऱ्हाइकाच्या फॉर्मवरून घेतलं होतं. तिथं ते पास झालेलं. आम्ही साक्षीदारांनी ते पाठ केलं.

गुरुवारी संध्याकाळी पाठांतर चालू असताना माणिकराव थांबले.

“पण आपल्या गल्लीत पट्टा कुठंय?”

सगळ्यांनी रस्त्याकडे पाहिलं. पट्टा नव्हता. कधीच नव्हता.

“काहून घाबरून राहिले?” रामकिशन म्हणाला. “पट्टा टाकता येतो.”

माणिकराव जुने कबड्डीचे पंच. शुक्रवारी सकाळी त्यांनी मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीची गोणी आणली आणि गाडीच्या कडेने सरळ रेघ मारली. एका ठिकाणी कुत्रं झोपलं होतं. त्याला न उठवता रेघ त्याच्या बाहेरून नेली.

सर्व्हेअर म्हणून रेवतीमॅडम आल्या. त्यांनी माणिकरावांना विचारलं. माणिकराव म्हणाले, वाहन रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्याच्या आत उभे होते. मला विचारलं. मीही तेच म्हणालो. भागवतही तेच म्हणाला, पण म्हणताना आपल्या चपलांकडे बघत होता. त्या पांढऱ्या झाल्या होत्या.

मॅडमनी वाकून रेघेला बोट लावलं.

“पट्टा कधीचा?”

“जुना आहे,” माणिकराव म्हणाले.

मॅडमनी बोट फुंकलं. मग सिमेंटच्या उताराकडे आणि फुटपाथवर बसवलेल्या गट्टूंकडे बराच वेळ बघितलं, आणि फॉर्म नानांच्या पुढे धरला.

“फक्त सही राहिलीय.”

नाना एकतीस वर्षं तहसीलला कारकून होते. जळालेल्या कडब्याचे, वाहून गेलेल्या बांधांचे शेकडो पंचनामे त्यांनी लिहिले. प्रत्येकाला सांगत, तू म्हणतोस तेच लिहितो बाबा, पण सही तुझी आहे. आता त्यांनी पेन धरलं आणि दारातल्या खुर्चीवर बसलेल्या काकूंकडे पाहिलं.

काकूच बोलल्या. “गाडी इथं वर होती. माझ्यासाठी. मला उतरता येत नाही. यांनी तर गल्लीला हो सुद्धा म्हटलं नव्हतं.”

“नाही सुद्धा म्हटलं नव्हतं,” नाना म्हणाले.

त्यांनी ते वाक्य खोडलं आणि खाली कारकुनी अक्षरात लिहिलं: ‘वाहन राहत्या घरासमोर फुटपाथवर उभे होते. नंतर हलविले. कारण पत्नीचे गुडघे.’ मग सही केली. रामकिशन उतारावर बसून राहिला.

मॅडमनी वाचलं. “फुटपाथचा दंड नगरपरिषद बघेल. माझं काम धडक बघायचं. हे असंच कळवते, पुढं कंपनी ठरवेल. पण त्या पट्ट्यावर सही झाली असती तर मला काहीच करता आलं नसतं.” मग रामकिशनकडे वळून, “आणि दिव्याची काच वर फुटपाथवरच राहिलीय.”

माणिकरावांनी ती कानातल्या हरवलेल्या कुड्यासारखी उचलून मॅडमच्या हातात दिली.

“गॅरेजला सांगा, लागा कामाला,” मॅडम म्हणाल्या.

सोमवारी नाना नगरपरिषदेत दंड भरायला गेले. आपणहून भरायला आलेला माणूस बघून तिथल्या बाबूने त्यांना आधी पाणी दिलं. पावती पुस्तक सापडायला पाऊण तास लागला. परत आल्यावर नानांनी गवंडी बोलावून उतार फोडला. क्लेमचं उत्तर यायचं होतं, पण गाडी संध्याकाळी आली आणि खाली रस्त्यावर उभी राहिली.

मंगळवारी सकाळी भागवत ट्रॉली घेऊन आला. या वेळी पुढूनच. ट्रॉलीच्या जुन्या फळ्यांच्या तीन पायऱ्या त्याने ठोकून आणल्या होत्या, धरायला कठड्यासकट. त्याने त्या फुटपाथला लावल्या आणि स्वतः वर उभं राहून दोनदा उड्या मारून दाखवल्या.

काकूंनी कठडा धरला. एक पायरी. मग बराच वेळ काही नाही. नाना हात पुढे करून उभे होते. दुसरी. तिसरी. काकू रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि धाप ओसरेपर्यंत इकडेतिकडे बघत राहिल्या.

“पट्टा वाकडा आहे,” त्या म्हणाल्या.

“तिथं कुत्रं व्हतं,” माणिकराव म्हणाले.